खेळ आणि विसावा

खेळ हा आत्म्याचा विसावा आहे, असे संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात प्रतिपादन केले. परंतु विसावा घेऊन माणसाने पुन्हा आपल्या कर्तव्याकडे वळावे, हे त्यात गृहीत आहे.

जुन्या मोबाईल खेळांच्या आठवणीने आज अनेकांना हुरहूर लागते. फिनलंडच्या नोकिया कंपनीने १९९७ साली आपल्या फोनवर ‘स्नेक’ दिला. सर्प स्वतःच्याच अंगावर आदळला की डाव संपे. खेळणाऱ्याकडे आणखी काही मागितले जात नसे. त्याच देशातील रोव्हिओ कंपनीचा २००९ सालचा ‘अँग्री बर्ड्स’ आयफोनवर ९९ सेंटला एकदाच विकत घ्यावा लागे. पुढे तो बाजारातून मागे घेतला गेला. २०२२ साली तो नव्याने सिद्ध होऊन आला, पण वर्षभरातच अँड्रॉइडच्या दुकानातून पुन्हा काढण्यात आला. आपल्या इतर खेळांवर त्याचा परिणाम होतो, असे कारण कंपनीनेच दिले.

एकदाच मोल घेणारा खेळ इतका अडचणीचा का व्हावा? ज्याने मोल चुकते केले, तो केव्हाही उठून जायला मोकळा असतो. फुकट मिळणारा खेळ मात्र जाहिराती आणि आतील खरेदी यांवर जगतो. खेळणारा उठला की त्याची मिळकत थांबते. म्हणून त्याला उठू न देण्याची योजना खेळातच केलेली असते. दुसऱ्याच्या दुर्बलतेवर असा नफा उभारणे, हा नीतीचा प्रश्न आहे.

मुलांच्या हाती खेळ देताना तो त्यांना विसावा देतो की त्यांचा विसावा हिरावून घेतो, एवढे तरी पालकांनी पारखून पाहावे.