स्वतःच्या पायांचा अभिमान

स्वतःच्या बळावर चालणें हा सद्गुण खरा. परंतु त्या बळाची सीमा कोठें येते? एका प्रवासांत हा प्रश्न आम्हांपुढें उभा राहिला.

पहाटेस आम्ही लांज्याहून सायकलीनें गुहागरास निघालों. वाटेंत एस. टी.च्या थांब्यावर बसलेले लोक पाहून मनांत म्हणालों, 'आम्हांस कोणाची वाट पाहावी लागत नाहीं!' पाली, हातखंबा, निवळी, जाकादेवी असे चढउतार तुडवीत दुपारीं जयगडच्या धक्क्यावर आलों. येथें शास्त्री नदी समुद्रास मिळते. फेरीबोट पलीकडे तवसाळास गेलेली. म्हणून वाट पाहत बसलों.

बोटींत ट्रक व मोटारी यांच्याशेजारीं आमची सायकल उभी होती. एका वृद्ध कोळिणीनें विचारलें, "कशानं आलात, बाबा?"

"स्वतःच्या पायांनीं."

ती पाण्याकडे पाहून म्हणाली, "मग आता?"

आम्ही निरुत्तर झालों. फेरी नसती तर राई-भातगावच्या पुलाचा वळसा पडता. पण तो पूल तरी आम्हीं बांधला काय? श्रम आमचे, वाट मात्र इतरांच्या हातांची.

म्हणून श्रम सोडावे असें नव्हे. तवसाळास उतरल्यावर चढ आम्हांसच चढावा लागला. पाय चालतील तेथें आळस करणें हा दोष होय; परंतु ज्यांनीं पार नेलें त्यांस विसरणें हा त्याहून मोठा दोष होय.

दुसऱ्या दिवशीं परततांना त्याच थांब्यावर लोक बसले होते. आम्हीं सायकलीवरून उतरून त्यांस आधीं नमस्कार केला.