अर्जुनमाळ्याची गोचरी

माझा भाचा पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. पर्युषणाचे शेवटचे चार दिवस तो आमच्याकडे सुरतला आला. संवत्सरीचा उपवासही केला. पण लॅपटॉप काही सुटला नाही. मी स्थानकातून व्याख्यान ऐकून घरी यावं, तर हा सोफ्यावर बसून एका उघड्याबंब, दाढीवाल्या माणसाच्या डोळ्याखालची सुरकुती नीट करतोय. वराछ्याच्या कारखान्यात पोरं भिंग डोळ्याला लावून हिऱ्याचे पैलू बघतात, अगदी तसा. शेवटी मी विचारलंच, "कोण रे हा बाबा?"

"हीरो आहे, मावशी. म्हणजे अँटीहीरो. ग्रीक पुराणातल्या हेराक्लीसवरून घेतलाय."

मग त्याने गोष्ट सांगितली. हेरा देवीने हेराक्लीसच्या डोक्यात वेड घातलं, त्या भरात त्याने पोटची पोरं मारली आणि शुद्धीवर आल्यावर प्रायश्चित्त म्हणून बारा अवघड कामं केली. याच घडणीचा क्रेटॉस म्हणून एक आहे. २००५ साली आलेल्या 'गॉड ऑफ वॉर' या अमेरिकन गेममधला, जगभर गाजलेला. हा स्पार्टाचा सेनानी. युद्धात हरताना त्याने एरीस या युद्धदेवाला आपला जीव वाहिला, आणि त्या देवाने फसवून त्याच्याच हातून त्याची बायको आणि मुलगी मारवली. त्यांची राख त्याच्या कातडीला कायमची चिकटली, म्हणून तो असा पांढराफटक. गेमच्या शेवटी देव त्याचे अपराध माफ करतात, पण ती भयाण स्वप्नं काही काढून घेत नाहीत.

राखेचं ऐकून मी भाजी निवडायची थांबले. तेल लावलेल्या अंगाला धूळ बसावी तसं कर्म आत्म्याला चिकटतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्या गेमवाल्यांना हे कुठून सुचलं असेल?

पण मावशीचा धर्म म्हणून आधी बोलणी दिलीच. म्हटलं, करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, पापाच्या या तीन वाटा. खेळणारा मारतो, बघणारा वाहवा करतो, आणि तू तर मधला, करवणारा. लाखो मुलांच्या हातून करवणारा.

"अगं, मरतं कोण त्यात? नुसती चित्रं तर आहेत."

मी काळसौकरिक सांगितला. रोज पाचशे रेडे मारणारा खाटीक. एक दिवस तरी हिंसा थांबावी म्हणून श्रेणिक राजाने त्याला विहिरीत सोडलं, तर त्याने तिथेच मातीचे रेडे केले आणि पाचशे मोजून मारले. मातीचेच होते ना तेही?

पोरगं गप्प झालं. मग म्हणालं, "बरं. आणि तुम्ही दरवर्षी पर्युषणात अंतगडसूत्र ऐकता, त्यात अर्जुनमाळी येतो. रोज सात खून. तेव्हा कोणती बाई उठून घरी जाते?"

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. त्याच सकाळी मी तो मन लावून ऐकून आले होते.

तुम्हाला माहीतच आहे. राजगृहाचा माळी अर्जुन, त्याची बायको बंधुमती. मुद्गरपाणी यक्षाच्या देवळात सहा गुंडांनी त्याला बांधलं आणि त्याच्यासमोर तिच्यावर अत्याचार केला. जन्मभर ज्याला फुलं वाहिली तो यक्ष नुसता लाकडाचाच निघाला, असं त्याच्या मनात आलं, आणि यक्ष त्याच्या अंगात शिरला. लोखंडी मुद्गराने त्याने ते सहाही मारले आणि सातवी बंधुमती. मग रोज सहा पुरुष, एक स्त्री. पाच महिने तेरा दिवस. परंपरा आकडा सांगते, ११४१. पुढे निःशस्त्र सुदर्शन श्रावक त्याच्यापुढे ध्यानात उभा राहिला तेव्हा यक्ष निघून गेला, आणि अर्जुन भगवान महावीरांकडे जाऊन साधू झाला.

मी इतकी वर्षं ऐकतेय, पण बंधुमतीपाशी दर वेळी अडखळते. तिचा अपराध काय? सहा जणांनी नासवली आणि सातव्याने, तिच्याच नवऱ्याने, मारली. क्रेटॉसची बायकोही तशीच, त्याच्या दुःखाला कारण हवं म्हणून मेलेली. अशा नायकांच्या गोष्टीत बाई बहुधा पहिल्याच प्रकरणात संपते आणि पुढची सगळी कथा त्याच्या पश्चात्तापाची होते. हे मला पटत नाही, आजही पटत नाही.

तरी सूत्रात एक गोष्ट आहे जी मला त्या गेममध्ये दिसली नाही. साधू झाल्यावर अर्जुनमाळी त्याच राजगृहात गोचरीला जातो. दार वाजत नाही तोच आतून कुणी म्हणतं, याने माझा बाप मारला. कुणी म्हणतं बहीण, कुणी सून. शिव्या देतात, मारतात. कुठे अन्न मिळालं तर पाणी नाही, पाणी मिळालं तर अन्न नाही. हे सहा महिने चालतं. मारण्यात साडेपाच महिने आणि ऐकून घेण्यात सहा! क्रेटॉसला माफी वरच्या देवांनी दिली, घर ज्यांचं बुडालं त्यांना कुणी विचारलंच नाही. अर्जुनमाळ्याला त्यांच्या उंबऱ्यावर उभं राहावं लागलं.

मी भाच्याला म्हटलं, तुझ्या माणसाला बारा कामं देण्याऐवजी बारा दारं दे.

"कोण खेळेल गं? मारलं की गुण मिळतात, म्हणून लोक खेळतात."

"मग सोड हा खुनी. तुमच्या पुण्यातच २०२० मध्ये तो 'राजी' गेम केला ना नॉडिंग हेड्सवाल्यांनी? भावाला शोधणारी मुलगी. तसं काही कर."

"चांगल्या मुलीच्या बाजूने सगळेच असतात, मावशी. मला बघायचंय वाईट माणसाचं पुढे काय होतं."

यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आपले ग्रंथही तेच बघतात.

दिवाळीनंतर तो पुन्हा आला तेव्हा कंपनीला न दाखवलेला एक लहानसा तुकडा घेऊन आला. गाव, गल्ली, बारा दारं. रिमोट माझ्या हातात दिला. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मारायचं. मी त्या दाढीवाल्याला हळूहळू चालवलं. पहिल्या दारी एक म्हातारा काहीच न बोलता आत गेला. दुसऱ्या दारी मुलांनी दगड मारले. तिसऱ्या दारी एक बाई काठी घेऊन आली. मारतच सुटली, थांबेना, आणि काय झालं कळलं नाही, माझा उजवा अंगठा दाबला गेला.

बाई पडली.

मी चिडले. "अरे, दारापाशी ते बटण बंद का नाही ठेवलंस?"

"बंद ठेवलं तर त्याने सहन केलं असं कसं म्हणायचं, मावशी?"

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे अतिचार आले तशी मी थांबले. शेजारच्या बेननी गुजरातीत विचारलं, काय झालं, पाठ विसरलात का? मी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.