आरी आणि अक्षर

दहावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. पाहुणे बोलतात, आणि त्यांच्या भाषणांत दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले असे, की प्रतिभा ही जन्मजात देणगी आहे; ती ज्याच्यापाशी असते तो कोठेही असला तरी चमकल्यावाचून राहत नाही. दुसरे असे, की संकटेच माणसाला घडवतात. थोर कलावंत आणि संशोधक दुःखाच्या मुशीतूनच बाहेर पडले. दोन्ही विधाने कानाला गोड लागतात, टाळ्याही पडतात. परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते, की ही दोन्ही विधाने ऐकणाऱ्याला एका जबाबदारीतून अलगद मोकळे करतात. प्रतिभा आपोआपच चमकणार असेल, तर आपण काही करण्याचे कारण उरत नाही. आणि दुःखच माणसाला घडवत असेल, तर दुःखात पडलेल्या मुलाला हात देण्याची घाई तरी कशाला?

म्हणून एक प्रश्न स्वतःलाच विचारावासा वाटतो. एखाद्याच्या अंगचा गुण फुलला तर ते श्रेय कोणाचे? आणि तो न फुलताच सुकून गेला, तर त्याचा जाब कोणी द्यायचा?

या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी लुई ब्रेलचे बालपण आठवते. पॅरिसच्या पूर्वेस कूव्रे नावाचे खेडे आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी त्याचा जन्म झाला. वडील सिमों-रने हे घोड्यांची खोगिरे आणि लगाम तयार करणारे कारागीर होते. चार भावंडांत लुई धाकटा. तीन वर्षांचा असताना तो वडिलांच्या कामाच्या जागी खेळत होता. वडिलांचे पाहून चामड्याला भोक पाडण्याच्या खटपटीत हातातले टोकदार हत्यार निसटले आणि थेट डोळ्यात घुसले. हे हत्यार म्हणजे चामडे टोचण्याची आरी होती असे परंपरेने सांगितले जाते. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली, आणि पाच वर्षांचा होईतो लुई पूर्ण आंधळा झाला. ज्या हत्यारावर घर चालत होते त्याच हत्याराने घरातल्या सर्वांत लहान मुलाची दृष्टी नेली. त्या बापाच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना आपल्यापैकी प्रत्येक आईबापाला करता येईल.

त्या काळी खेड्यातल्या आंधळ्या मुलाच्या वाट्याला बहुधा दोनच गोष्टी येत: घराचा कोपरा किंवा रस्त्यावरची भीक. लुईच्या बाबतीत तसे घडले नाही. वडिलांनी त्याला काठी दिली आणि तिच्या आधाराने गावात वावरायला शिकवले. कामात हाताशी घेतले. लाकडावर गोल डोक्याचे खिळे ठोकून त्यांनी अक्षरांचे आकार तयार केले आणि मुलाची बोटे त्यांवरून फिरवली, असेही सांगतात. गावात नव्याने आलेले धर्मगुरू आबे पालुई यांनी त्याला आपल्या निवासात बोलावून शिकवायला आरंभ केला. पुढे गावातील शिक्षक बेशरे यांनी त्याला डोळस मुलांच्या शेजारी वर्गात बसू दिले. ऐकून ऐकून तो शिकला आणि इतरांच्या बरोबरीने चालू लागला. मग गावातल्या एका सरदाराचे वजन उपयोगी पडले आणि फेब्रुवारी १८१९ मध्ये, दहा वर्षांच्या लुईला पॅरिसमधील अंध मुलांच्या राजकीय संस्थेत प्रवेश मिळाला.

या संस्थेचे संस्थापक व्हालांतीं आयुई यांनी कागदावर उठावाची अक्षरे छापून आंधळ्यांना वाचता येते हे जगाला दाखवले होते. परंतु ती पुस्तके अवजड होती, एकेक अक्षर चाचपडण्यात वेळ जाई, आणि मुलांना त्या पद्धतीने स्वतः लिहिता येत नसे. १८२१ मध्ये शार्ल बार्बिए यांची उठावदार टिंबांची पद्धत संस्थेत आली. तीत बारा टिंबे होती आणि ती अक्षरांची नव्हे, उच्चारांची खूण करी. बारा टिंबे एका बोटाच्या स्पर्शात मावत नाहीत, हे लुईने ओळखले. तो त्यावर खपत राहिला आणि १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची पद्धत त्याच्या हाती आली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे. त्यांच्या मांडणीतून ६३ चिन्हे. १८२९ मध्ये त्याने ती छापून प्रसिद्ध केली. ही टिंबे कागदावर उठवायची तर एक टोकदार साधन लागते. ते हाती घेतले म्हणजे आरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

येथे व्यासपीठावरचा वक्ता म्हणेल, 'पाहा, तो आंधळा झाला म्हणूनच जगाला ब्रेल लिपी मिळाली!' यात तथ्याचा अंश आहे. लुईची दृष्टी शाबूत राहिली असती, तर बहुधा तो वडिलांचाच धंदा चालवता. परंतु त्या पिढीत फ्रान्समध्ये आंधळी झालेली मुले हजारो होती. आंधळेपण त्या सर्वांपाशी होते. काठी देणारा बाप, दार उघडणारा धर्मगुरू आणि वर्गात जागा देणारा शिक्षक सर्वांपाशी नव्हते. दुःख सर्वांना सारखेच वाटले गेले होते. भेद पडला तो भोवतालच्या हातांमुळे. शिवाय एखाद्या वाइटातून पुढे चांगले निघाले, म्हणून ते वाईट चांगले ठरत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने कोणावरही दोष ठेवला नाही. त्याने माती कालवली आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावली. लुईच्या वडिलांनीही आपल्या अपराधाच्या भावनेत बुडून न जाता खिळे आणि लाकूड हाती घेतले. जे घडले ते टाळता आले नाही. पुढे काय घडावे एवढेच त्यांच्या हाती होते.

मदतीचे हात नेहमी मोठेच असतात असेही नाही. मायकेल फॅरेडे हा लंडनमधील एका लोहाराचा मुलगा. शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते. किशोरवयात तो रिबो नावाच्या पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवार म्हणून राहिला. बांधायला आलेली पुस्तके हा मुलगा वाचत बसतो, हे मालकाला दिसत होते. त्याने त्याला हटकले नाही. विज्ञानाच्या व्याख्यानांना जायचे तर प्रत्येक वेळी एक शिलिंग द्यावा लागे. तो थोरला भाऊ रॉबर्ट देई, आणि रॉबर्टही वडिलांप्रमाणे लोहारच होता. पुढे दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने १८१२ मध्ये सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली; त्या व्याख्यानांची टिपणे फॅरेडेने स्वतः बांधून डेव्हींना पाठवली आणि १८१३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळाले. १८३१ मध्ये त्याने चुंबकाच्या हालचालीतून विद्युतप्रवाह निर्माण करून दाखवला. आज आपल्या घरात जो दिवा लागतो, त्यामागील जनित्र त्याच तत्त्वावर फिरते. त्या दिव्यात लोहार भावाचा शिलिंगही आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहू. साल्झबुर्गच्या लिओपोल्ड मोझार्ट यांच्या घरी संगीत होते, शिकवणारा बाप होता, आणि दोन गुणी मुले होती. थोरली मारिया आना, लाडाचे नाव नानर्ल, जन्म १७५१ चा. धाकटा वोल्फगांग, जन्म १७५६ चा. वडिलांनी वादनाचे धडे आधी नानर्लला दिले. तिच्यासाठी लिहिलेल्या वहीतूनच धाकटा भाऊ पहिले धडे शिकला. १७६३ ते १७६६ या काळात युरोपच्या दरबारांत दोघा भावंडांनी एकत्र वादन केले आणि दोघांचीही वाहवा झाली. परंतु १७६९ च्या डिसेंबरात बाप आणि मुलगा इटलीला निघाले, तेव्हा अठरा वर्षांची नानर्ल आईबरोबर घरी राहिली. तिने काही रचना केल्या होत्या. इटलीहून लिहिलेल्या पत्रात वोल्फगांगने तिच्या एका गीताचे मनापासून कौतुक केले आहे. आज तिची एकही रचना उपलब्ध नाही. १७८४ मध्ये तिचे लग्न झाले, पुढे वैधव्य आले, आणि साल्झबुर्गमध्ये पियानोच्या शिकवण्या करीत १८२९ मध्ये ती निवर्तली.

लिओपोल्ड दुष्ट नव्हते. त्यांनी त्या काळाच्या रीतीप्रमाणे केले. पण रीत म्हणजे तरी काय? अनेक घरांनी न विचारता घेतलेला एकच निर्णय. प्रतिभा आपोआप चमकते असे म्हणणाऱ्यांनी नानर्लकडे पाहावे. देणगी होती, शिक्षण होते, घरही तेच होते. फक्त एका वळणावर दार एकासाठी उघडले आणि दुसरीसाठी लागले.

हे लिहिताना माझी लेखणी अडखळते, कारण नानर्ल मी घरातच पाहिली आहे. माझी थोरली बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. हिशेबात तिचा हात धरणारे आमच्या आळीत कोणी नव्हते. देवळातल्या हार्मोनियमवर तिने कोणी न शिकवता, केवळ ऐकून, सूर बसवले होते. सातवी झाली आणि तिची शाळा थांबली. आई आजारी होती, वाडीत काम होते. पहाटे तीनला उठून तिने दादरच्या बाजारासाठी केळीची पाने आणि फुले बांधली. त्या पैशांतून माझी फी भरली गेली. मी पदवीधर झालो, शिक्षक झालो, सत्काराच्या खुर्चीवरही बसलो. उतारवयात एकदा मी तिला विचारले, की तुला पुढे शिकावेसे वाटत नव्हते का. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेव्हा कोणी विचारलंच नाही रे."

तिच्या शब्दांत तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला अधिक लागले. आईवडिलांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. पण मला कोणीही आडकाठी केली नव्हती. मी कमावता झालो तेव्हा ती पंचविशीच्या आत होती. तेव्हा तरी मी विचारू शकलो असतो. हा जाब माझा आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येक मुलात ब्रेल किंवा मोझार्ट थोडाच दडलेला असतो? नसतो. आणि मुलाला मोठा कलावंत बनवण्याच्या हट्टापायी त्याचे बालपण हिरावून घेणारे आईबापही आपण पाहतो. परंतु सिमों-रने यांनी जगाला लिपी देणारा मुलगा घडवायचा म्हणून खिळे ठोकले नव्हते. आपल्या आंधळ्या मुलाला अक्षर कळावे, एवढाच त्यांचा हेतू होता. रिबोलाही शास्त्रज्ञ घडवायचा नव्हता. वाचणाऱ्या पोराला वाचू द्यावे, एवढेच त्याने केले. त्या दिवशी जे हवे होते ते त्यांनी दिले. फळाचा हिशेब मांडला नाही. लुई लिपीकार झाला नसता, खेड्यात खोगिरेच शिवत राहिला असता, तरी त्या बापाचे कर्तव्य तितकेच खरे ठरले असते. अपूर्व प्रतिभा निर्माण करणे माणसाच्या हाती नाही. दार लावून घेणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. म्हणून जाबही तेवढ्याचाच द्यायचा.

लुई ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने वारला. संस्थेने त्याच्या लिपीचा अधिकृत स्वीकार केला तो त्यानंतर दोन वर्षांनी. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल निश्चित झाली आणि आपली मराठीही त्याच सहा टिंबांत वाचली जाऊ लागली. १९५२ मध्ये त्याचा देह पॅरिसच्या पांतेओंमध्ये, राष्ट्रपुरुषांच्या शेजारी नेण्यात आला. हात मात्र कूव्रेच्या दफनभूमीतच ठेवले. गावाने त्याच्यासाठी जे केले होते ते पाहता, हात गावापाशी राहिले हे मला योग्य वाटते.

पुढच्या सत्कार समारंभात टाळ्या जरूर वाजवाव्यात. परंतु घरी परतल्यावर प्रत्येक आईबापाने, आजीआजोबांनी, थोरल्या भावाने घरातल्या मुलाला आणि मुलीला जवळ बसवून, तुला काय आवडते, तुला काय हवे आहे, एवढे एकदा विचारावे. देण्यासारखे आपल्याजवळ थोडेच असेल. पण आपल्याला कोणी विचारलेच नव्हते, असे म्हणण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.