वांकलेली अब्राहामकन्या



लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत आपणांस एक स्त्री भेटते. ती अठरा वर्षें वांकलेली होती. तिला सरळ उभें राहतां येत नव्हतें. लिंबागणेशच्या आसपासच्या बालाघाटी गांवांत अशा भगिनी आम्ही नित्य पाहतों, आणि त्या कशानें वांकल्या हें सर्वांस ठाऊक आहे.

दिवाळीच्या सुमारास नवराबायकोचा एक कोयता धरून मुकादम उचल देतो. मग कित्येक महिने ओणवें राहून ऊस तोडणें, पाचट काढणें, मोळी बांधणें, आणि तीस-चाळीस किलोंची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढणें. अशानें मणक्यांमधील गादी सरकून शिरेवर दाब पडतो, आणि कमरेपासून पोटरीपर्यंत विजेसारखी कळ उतरते. मानेची शीर दबली तर हातास मुंग्या येतात. ‘देवानें दिलेलें दुखणें, सोसलेंच पाहिजे,’ असें पुष्कळ घरांत ऐकूं येतें. पण प्रभूनें त्या स्त्रीस सोसण्याचा उपदेश केला नाहीं. तिनें कांहीं मागितलें नसतां त्यानें तिला हांक मारिली व तिजवर हात ठेविले.

सभास्थानाच्या अधिकाऱ्यास मात्र राग आला. त्याला दिवसांचा हिशेब कळे, पाठीचा कळत नव्हता. फडांतही हाच हिशेब आहे: आजारानें निजलें कीं खाडा, आणि खाड्याचा दंड उचलींत मिळवितात. किती बायांनीं गर्भाशय काढून घेतलें, त्यालाही हें भय एक कारण होतें. त्याच्या चौकशीकरितां इ. स. २०१९ सालीं सरकारास नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमावी लागली. प्रभूनें त्या अधिकाऱ्यास त्याच्याच बैलाची आठवण दिली. आपणही पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचा खांदा हळदतुपानें मळतों. मोळी वाहणाऱ्या बायकोची मान कोणी मळतो काय?

उपदेशकांनीं टोळ्या निघण्यापूर्वी घरोघर जाऊन विचारावें. ज्यास कळ येते त्यास बीडच्या जिल्हा रुग्णालयांत दाखवावें. मोळी लहान बांधावी, व दोघांनीं हात लावून ती डोक्यावर द्यावी. ज्याचें पाऊल लुळें पडतें, जांघ बधिर होते, किंवा लघवीवरचा ताबा जातो, त्यास त्याच दिवशीं इस्पितळांत न्यावें. तेथें अंगाऱ्यांत अगर चोळण्यांत वेळ दवडूं नये, नाहींतर पाय कायमचा जाईल. मंडळींत कोणी मुकादम असल्यास त्यास आमचें सांगणें आहे कीं, आजाऱ्याचा खाडा लिहूं नका. आणि गेल्या हंगामांत ज्या घरांवर असे खाडे बसले, त्यांचा आंकडा विचारून घेऊन येत्या सभेंत पंचांपुढें ठेवावा.