नाही म्हणणारा मुलगा

इटालियन दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी स्वतःला नास्तिक म्हणवीत. १९६१ च्या भारतप्रवासात ते मुंबईस आले, कलकत्त्यास मदर तेरेसांना भेटले. १९६२ मध्ये असिसी येथे त्यांनी मत्तयकृत शुभवर्तमान सलग वाचले आणि १९६४ साली त्यावर चित्रपट काढला. वृद्ध मरियेची भूमिका त्यांच्या आईने केली. चित्रपट दिवंगत पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला.

अशा माणसास शुभवर्तमानाचा साक्षीदार म्हणावे काय? दोन मुलांचा दाखला मत्तयच सांगतो. ‘नाही’ म्हणणारा मळ्यात गेला, ‘जातो’ म्हणणारा घरीच राहिला. निदान या एका कामापुरते पासोलिनी मळ्यात गेले. भंडाऱ्याच्या शेतकऱ्यास हे सहज कळेल. बांधीच्या चिखलात उतरतो, त्याच्याच हातून रोवणी होते. दर रविवारी ‘आमेन’ म्हणणारे आपण कोणत्या बांधीत उतरलो?