गर्भकाळ हाच शुभमुहूर्त

श्रीमद्भागवताच्या तृतीय स्कंधात भगवान कपिलमुनींनी माता देवहूतीस केलेल्या उपदेशात गर्भवाढीचे वर्णन आले आहे. दहाव्या दिवशी बोराएवढा असणारा गर्भ पहिल्या महिन्यात शिर, दुसऱ्यात हातपाय व तिसऱ्यात नखे, केस, अस्थी धारण करतो. सातव्या महिन्यात त्यास जाणीव येते आणि तो हात जोडून परमेश्वराची स्तुती करतो, असे तेथे सांगितले आहे. आजच्या शास्त्रानुसार गर्भधारणेनंतर सुमारे ३ आठवड्यांत हृदयाचे स्पंदन सुरू होते, पाचव्या महिन्याच्या सुमारास मातेस हालचाल जाणवते आणि पुढे बाळास आवाज ऐकू येऊ लागतात. तपशील भिन्न असले, तरी ही घडण क्रमाक्रमाने होते आणि प्रत्येक पायरीस तिचा काळ लागतो, हे दोन्हींचे सांगणे एकच आहे.

हा काळ परमेश्वराने प्रत्येक जीवास निरनिराळा दिला आहे. श्रीगणेशाचे वाहन मूषक सुमारे ३ आठवड्यांत जन्मास येते. श्रीदत्तात्रेयांच्या चरणी असणारे श्वान सुमारे ६३ दिवस, जगदंबेचा सिंह सुमारे ११० दिवस, तर खंडोबाचा अश्व सुमारे ११ महिने गर्भात वाढतो. इंद्राच्या ऐरावताचे कुळ तर जवळजवळ २२ महिने गर्भवास भोगते. गोमाता व मानवमाता यांचा गर्भकाळ मात्र जवळपास सारखा, म्हणजे सुमारे ९ महिन्यांचा आहे. तरीही वासरू जन्मानंतर काही वेळातच उभे राहते. मनुष्याच्या बाळास पाऊल टाकण्यास सुमारे वर्ष लागते. इतक्या नाजूक जीवाचा गर्भातील एकेक दिवस मोलाचा आहे.

भाविकहो, अलीकडे काही कुटुंबे पंचांगातील नक्षत्र पाहून प्रसूतीच्या शस्त्रक्रियेची वेळ ठरवून घेतात. त्यामागील भावना मंगल असली, तरी त्यासाठी बाळास दोन-तीन आठवडे आधी जगात आणणे हिताचे नाही. अखेरच्या आठवड्यांतच फुप्फुसे परिपक्व होतात, मेंदू वेगाने वाढतो, त्वचेखाली ऊब राखणारा मेद साठतो आणि दूध ओढण्याचे बळ येते. म्हणूनच वैद्यकीय कारण नसल्यास ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी अशी शस्त्रक्रिया करू नये, असे तज्ज्ञ सांगतात. माता वा बाळाच्या जिवास धोका असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तीच वेळ योग्य. तेथे मुहूर्तासाठी क्षणाचाही विलंब करू नये.

भगवान श्रीकृष्णांचा जन्म कारागृहात, वद्य अष्टमीच्या मध्यरात्री झाला. ती वेळ देवकी-वसुदेवांनी निवडलेली नव्हती. जन्माची वेळ थोर असते ती येणाऱ्या जीवामुळे, हेच त्यातून घ्यावयाचे.

गर्भवतीस सकस आहार, विश्रांती, नियमित तपासणी व घरातील प्रेमळ शब्द मिळावेत, हीच खरी गर्भसेवा होय. सुनेच्या ओटीत नारळ घालताना तिच्या ताटात दूध, भाजी व फळही पडते ना, हे वडीलधाऱ्यांनी पाहावे. ज्यांना दान करावयाचे आहे, त्यांनी एखाद्या गरजू गर्भवतीच्या अन्नाचा व औषधांचा भार उचलावा. ते दान एकाच वेळी दोन जीवांस पोहोचते.

सर्व मातांची कूस सुखरूप राहो आणि प्रत्येक बाळ आपला काळ पूर्ण करून या जगात येवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥