चूक कोणाची?



आपल्या धर्मग्रामातील एक तरुण औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा करीत आहे. दिवसा नोकरी, रात्री अभ्यास. घरात जागा नाही, म्हणून तो चर्चच्या हॉलमध्ये कायद्याची पुस्तके घेऊन बसतो. एके रात्री आम्ही हॉल बंद करायला गेलो तेव्हा त्याने विचारले, "फादर, मशीनचं गार्ड कामगारानेच काढलं आणि त्याचा जीव गेला, तर पाप कुणाचं?"

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, पण उत्तर तयार नव्हते. कामावर मरण पावलेल्यांचे अंत्यविधी आम्ही केले आहेत. दफनभूमीच्या फाटकापाशी कोणीतरी हळूच म्हणतेच, "चूक त्याचीच होती." कधीकधी ते खरेही असते.

मग त्यानेच पुस्तक उघडून दाखवले. नुकसानभरपाईचा मूळ कायदा 1923 चा. सुरक्षेचे साधन कामगाराने जाणूनबुजून काढले आणि त्यामुळे इजा झाली, तर मालक भरपाई नाकारू शकतो. पण पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. मृत्यू आला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर ही सबब चालत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे कायम ठेवले आहे. म्हणजे चूक ती चूकच, पण तिची शिक्षा विधवेला आणि लेकरांना नाही.

अनुवादाच्या 22 व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला गच्चीला कठडा घालायची आज्ञा आहे. पडणारा सावध होता की बेसावध, हे तिथे विचारलेले नाही. माणूस थकतो, घाई करतो, विसरतो, हे धरूनच कठडा घालायचा असतो. आणि गार्ड काढणारा ते हौसेने काढत नाही. नगावर मजुरी असली की गार्डमुळे हात मंदावतो आणि आठवड्याचा पगार कमी होतो. तो दर कोणी ठरवला, हेही विचारायला हवे.

कामगार मात्र मोकळा सुटत नाही. व्यावसायिक सुरक्षेची 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. 1948 च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टसह 13 कायदे तिने एकत्र केले. तिच्यानुसार कामगाराने स्वतःची, तसेच आपल्या कृतीमुळे ज्याला धोका होईल त्याचीही काळजी घ्यायची आहे. भावाचा राखणदार मी आहे काय, हा काईनाचा प्रश्न इथे चालणार नाही.

एक गोष्ट मात्र आम्हांला खटकते. विजेवर काम चालत असेल तर पूर्वी 10 कामगारांवर 'कारखाना' ठरत असे. आता 20 लागतात. उल्हासनगरच्या गल्ल्यांतून जीन्स शिवणारी, धुणारी लहान युनिट किती आहेत ते आपण जाणतो. बारा जणांच्या युनिटमधला हात स्वस्त असतो का? अशी युनिट चालवणारे आपल्यातही आहेत. आम्ही हे त्यांच्याशी प्रेमानेच बोलत आहोत.

23 सप्टेंबर 2023 रोजी शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टँकरचा स्फोट झाला, 23 मे 2024 रोजी डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला. दोन्ही वेळा कामगार दगावले. तेव्हा आपण सगळे मालकांविषयी बोललो. पण बदलापुरातल्या सोसायटीची सेप्टिक टँक साफ करायला माणूस उतरतो, तेव्हा त्याला बोलावणारे आपण असतो. संरक्षक साधनांशिवाय त्याला आत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र चर्चा होते ती फक्त दराची.

हे लिहिताना आमचीच एक गोष्ट आठवते. नाताळाआधी चर्चला रंग देताना रंगारी नुसत्या दोरीवर लोंबकळत होता आणि आम्ही खाली उभे राहून रंगाची छटा बघत होतो. काम थांबवले ते त्या तरुणाने. पट्टा आणि हार्नेस येईपर्यंत दुपार झाली, ठेकेदार रागावला. पुढच्या रंगकामाच्या अंदाजपत्रकात आम्ही हार्नेसचे भाडे धरले आहे. फायनान्स कमिटीने त्यावर दोन प्रश्न विचारले आहेत.